टाळ्यांची जागा

इंग्रजीच्या पेपरातला तो घटक मी काही वर्षं सलग शिकवला. भाषणातले अलंकार आणि ऐकणाऱ्याचं मन वळवायच्या युक्त्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. मुलं गाइडमधून नावं पाठ करायची. रिटॉरिकल क्वेश्चन, रिपिटिशन, इमोशनल अपील. आणि परीक्षेत एकाची व्याख्या दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून यायची. दोष त्यांचा नव्हता. गाइडमधली उदाहरणं कुठल्यातरी परदेशी पुढाऱ्यांच्या भाषणांतली. सोलापूरच्या उन्हात, पत्र्याच्या वर्गात, पहाटेचा डबा घेऊन एसटीनं आलेल्या पोरांना ती कशी चिकटणार?

मी सांगोल्याच्या पलीकडचा. घरी मेंढरं, आणि पाऊस पडला तर पिकणारं थोडं रान. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला तर गावातलाच पहिला. हे मी मिरवतो. का मिरवू नये? ज्यांच्या घरात आजोबांपासून डिग्र्या आहेत त्यांना मिरवावं लागत नाही, त्यांच्या बैठकीच्या भिंती ते काम करतात. आमच्या भिंतीवर घोंगडं वाळत घातलेलं असायचं.

कॉलेजात मी तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर उन्हाळ्यानंतर नवी ऑर्डर. ऑर्डर आली की मी प्राध्यापक. नाही आली की कुणी नाही. स्टाफरूममध्ये कायम लोकांच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या, आम्ही तासिकावाले कपाटाजवळच्या बाकावर बसायचो. त्या वर्षी मात्र इंग्रजीची कायम जागा भरायचं ठरलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळेच साहेब म्हणायचे, मला व्हरांड्यात थांबवलं होतं आणि खांद्यावर हात ठेवला होता.

"तुझं बघू की. तू तर घरचाच आहेस."

त्या एका वाक्यावर मी ते वर्ष काढलं. गावी जाऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलंसुद्धा.

आबांनी विचारलं, "चारचौघात बोलला का येकट्यात?"

"एकट्यात."

"मग थांब थोडं. चारचौघात बोलू दे."

आबांचा सगळा व्यवहार असाच. कोकरं विकताना कागद नाही, सही नाही. चार माणसं उभी असतात, त्यांच्यासमोर हातावर हात पडतो, शब्द जातो, आणि तो शब्द गेला की गेला. मग दुसरा कुणी वरचढ भाव घेऊन आला तरी आबा त्याला चहा पाजून परत पाठवतात. माणसांसमोर दिलेला शब्द फिरवणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. निदान आमच्या बाजूला तरी नाही.

तर परीक्षा जवळ आली आणि मी उजळणी घ्यायला लागलो. गाइड बंद करायला लावलं. म्हटलं, घरी जा, बाजारात जा, स्टँडवर जा. कुणीतरी बोलून तुमच्याकडून काहीतरी करून घेतलं असेल. ते बोलणं इंग्रजीत लिहून आणा, आणि कुठली युक्ती वापरली ते सांगा.

दुसऱ्या दिवशी वर्गात जत्रा भरली. एक मुलगी विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. ती म्हणाली, "सर, माझी आजी. कुठं न्यायला सांगायचं असलं की म्हणते, माझे आता थोडेच दिवस राहिले."

"इमोशनल अपील. कधीपासून म्हणते?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून, सर. आईला पण हेच म्हणायची."

एका मुलाच्या काकांचं साड्यांचं दुकान. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, 'ताई, हा रंग तुमच्यासाठीच काढून ठेवलाय.' मागून कुणीतरी ओरडलं, "आणि ताईंनी नाही घेतला तर?" तो शांतपणे म्हणाला, "तर पुढच्या ताईंसाठी काढून ठेवलेला असतो."

कुर्डुवाडीहून रेल्वेनं येणारा एक उंच पोरगा उठला. म्हणाला, गाडीत बसायला जागा पाहिजे असली की लोक म्हणतात, 'माणुसकी हाय का न्हाय?'

मी विचारलं, "हा प्रश्न आहे की शिवी?"

"प्रश्न, सर. पण उत्तर द्यायची सोय नसलेला."

मी खडू खाली ठेवला. रिटॉरिकल क्वेश्चनची इतकी चांगली व्याख्या कुठल्याच गाइडात नव्हती. वर्गाला म्हटलं, हेच लिहून घ्या.

मग बार्शीकडची एक मुलगी उठली. मागच्या बाकावर बसायची, बोलायची कमी, लिहायची स्वच्छ. तिनं साहेबांचं भाषण आणलं होतं. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनातलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं, ऐकून ऐकून इंग्रजीत उतरवलेलं.

मी म्हटलं, "फळ्यावर लिही."

तिनं लिहिलं. मराठीत ते असं होतं: 'ही संस्था कुणाची? माझी? नाही. माझ्या वडिलांची? नाही. ही संस्था तुमची आहे.' शेजारी तिनं बाण काढून नावं दिली. प्रश्न विचारून उत्तर स्वतःच देणं, म्हणजे समोरच्याची पाळी येत नाही. तेच वाक्य फिरवून फिरवून आणणं. ऐकणाऱ्याला मालक करणं. आणि शेवटच्या ओळीनंतर तिनं मोकळी जागा सोडली, तिला चौकट केली आणि आत काहीच लिहिलं नाही.

"हे काय?"

"सर, इथं ते थांबतात. टाळ्या वाजेपर्यंत पुढं बोलत नाहीत. मागच्या वर्षीचं भाषण पण ऐकलं मी. तिथंच थांबले होते. टाळ्यांची जागा आहे ती."

गाइडात नव्हतं. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. खाली तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, कारण दावा तपासून बघायचा असं मीच सांगितलं होतं: संस्था जर आमची असेल तर मुलींच्या संडासाला कडी का नाही?

मुली हसल्या नाहीत. मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, "खरंच नाही सर, एकीला बाहेर उभं राहावं लागतं." बार्शीच्या मुलीच्या इंग्रजी वाक्यात शब्दांचा क्रम चुकला होता, तो मी लाल खडूनं दुरुस्त केला आणि खाली 'उत्तम' असं लिहिलं. बेल झाली. फळा तसाच राहिला. पुढच्या तासाला कुणी आलं, फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळीकडं फिरला.

मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. चांगल्या उत्तराला उत्तम म्हणायचं नसेल तर मास्तर कशाला व्हायचं?

दोनच दिवसांत बोलावणं आलं. साहेबांच्या केबिनमध्ये एसी होता आणि त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो.

"या सर, बसा. चहा घ्या."

मला 'सर' आणि 'तुम्ही'. इतकी वर्षं तू होतो. खांद्यावर हात होता तेव्हा तू होतो. आता तुम्ही झालो, आणि मान वाढला म्हणून झालो नाही, एवढं कळायला मला इंग्रजी लागलं नाही.

त्यांनी मोबाइल पुढं केला. "लाल खडूतलं अक्षर तुमचंच ना?"

"होय."

"छान अक्षर आहे. मी रागावलोय असं वाटतंय का तुम्हाला? मी रागावेन? मुलांवर? माझ्याच मुलांवर?"

मी चहा पीत होतो आणि माझ्या डोक्यात फळा चालू होता. प्रश्न, उत्तराची सोय नाही. पुनरुक्ती. ऐकणाऱ्याला लेकरू करणं. सवयच लागली होती, थांबवता येईना.

"टीका झालीच पाहिजे. लोकशाही आहे. पण सर, घरातल्या माणसानं घरातली गोष्ट फळ्यावर लिहायची असते का?"

मी म्हटलं, "साहेब, कडी बसवली तर फळ्यावर लिहायला काही उरणार नाही."

ते मोठ्यानं हसले. "बघा. असं सरळ बोलणारी माणसं आता राहिली कुठं? म्हणूनच आमचं ठरलंय. यंदाच्या वर्धापनदिनाला सत्कार तुमचा. वडिलांसकट."

आमच्या संस्थेत ही एक पद्धत होती. वर्धापनदिनाला एका शिक्षकाचा सत्कार करायचा. शाल नाही, सोलापुरी चादर द्यायची, कारण आपल्या मातीचा अभिमान. शिक्षक गरीब घरातला असावा. आईबाप स्टेजवर असावेत. मी बाहेर आलो तर स्टाफरूममध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. इतिहासाचे एक कायम सर, निवृत्तीला आलेले, मला खिडकीपाशी घेऊन गेले.

"चादर मिळतीय म्हणे."

"होय सर."

"मागच्या वर्षी भूगोलाच्या मॅडमना मिळाली. त्याच्या आधी कॉमर्सच्या पोराला. दोघं तासिकेवर. कुठं आहेत ते आता?"

"कुठं आहेत?"

"घरी. चादर पांघरून." ते हसले, आणि मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "तू नको म्हणून टाक. बाप आजारी आहे म्हण, काहीतरी म्हण."

नको म्हणायचं मी ठरवलं होतं, खरंच. पण त्याच संध्याकाळी आबांचा फोन आला.

"आरं, सायबाचा मानूस आलता की गाडी घिऊन! पत्रिका दिऊन गेला. माझं नाव छापलंय म्हनं त्यात. तू काय बोलला न्हाईस व्हय रं?"

मागं माणसांचा आवाज येत होता. पारावरून बोलत असावेत.

"आबा, ते तसं..."

"म्या फेटा धुवाया टाकलाय. तुजी आई न्हाय येनार, मेंढरं कोन बगनार. सरपंच म्हनतोय गाडीनं सोडतो. मी म्हनलं न्हाय, एस्टीनंच जातो. लेकाच्या कॉलेजात एस्टीनंच जानार मी."

काय सांगणार होतो त्यांना? की आबा, हा मान नाही, निरोप आहे? पुरावा काय होता माझ्याकडं? चादर घेऊन घरी बसलेली दोन माणसं. म्हटलं, पहिल्या बसनं या.

वर्धापनदिन परीक्षेच्या तोंडावर होता. मांडवात पंखे लावले होते, ते गरम हवाच फिरवत होते. आबा पहिल्या बसनं आले. धुतलेला फेटा, नवं धोतर, पायात वहाणा तेल लावून चकचकीत केलेल्या. स्टेजवरच्या सोफ्यावर ते टोकाला बसले, सोफा मळू नये अशा बेतानं. त्यांच्या शेजारी मी.

साहेब बोलायला उठले. मी त्यांची बरीच भाषणं ऐकली होती. हे सगळ्यांत चांगलं झालं. त्यांनी माइक हातात घेतला, आबांच्या जवळ आले, आबांना उठवलं आणि त्यांचा उजवा हात वर धरला.

"हा हात बघा. या हातानं काठी धरली, म्हणून त्या हातात खडू आला."

थांबले. टाळ्या.

"या बापानं काय खाल्लं? काय नेसलं? उन्हातान्हात कुठं निजला? विचारलं कधी कुणी?" आवाज खाली आणला. "आम्ही विचारलं."

थांबले. टाळ्या.

त्यांनी कधीच काही विचारलं नव्हतं. माझं गाव सांगोल्याकडं की जतकडं हे त्यांना मांडवात शिरताना संस्थेच्या मॅनेजरनं सांगितलं होतं, मी शेजारीच उभा होतो. पण आबांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांना आयुष्यात खरोखरच कुणी विचारलं नव्हतं, आणि आता इतक्या माणसांसमोर कुणीतरी म्हणत होतं की आम्ही विचारलं.

"आबा," साहेब म्हणाले, आबाच म्हणाले, "हा मुलगा तुम्ही आम्हाला दिला. हा मुलगा आमचा आहे. आणि तुमच्या समोर, या सगळ्यांच्या समोर सांगतो, हा आमचाच राहील."

थांबले. मांडव वाजला नुसता. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला शब्दाशब्दानं कळला. चारचौघात बोलला बघ.

मग चादर. एवढ्या उन्हात ती जाड चादर आबांच्या खांद्यांवर टाकली, दुसरी माझ्या. निवेदक म्हणाला, सर दोन शब्द बोलतील.

बोलणं हा माझा विषय. मन कसं वळवायचं, जोर कुठं द्यायचा, प्रश्न कुठं टाकायचा, सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. भाषणही मनात तयार होतं. एकच प्रश्न विचारणार होतो: साहेब, मी तुमचाच राहणार असेन तर तसा कागद कधी देताय? माणसांसमोर विचारला असता तर उत्तर द्यावंच लागलं असतं त्यांना. मी माइकपाशी गेलो. वळून पाहिलं तर आबा घामानं भिजलेले, चादरीच्या कोपऱ्यानं डोळे पुसत होते, आणि चादर खांद्यावरून सरकू नये म्हणून दुसऱ्या हातानं घट्ट धरून होते.

मी म्हटलं, "संस्थेनं माझ्या वडिलांचा मान केला. मी आभारी आहे."

आणि बसलो. टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी.

मांडव पांगल्यावर ती बार्शीची मुलगी आली. आधी आबांच्या पाया पडली. मग माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघत राहिली.

"सर, कडी बसली. सकाळीच बसवली. बाहेरच्या बायका येणार होत्या ना कार्यक्रमाला."

"बरं झालं."

"पेपरात ऐकलेल्या भाषणाचं उदाहरण विचारलं तर... तेच लिहू का? का बदलू?"

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मघाशी माइकवर मी जे बोललो ते तिनं ऐकलं होतं.

"तेच लिही," मी म्हटलं. "पेपर तपासायला बाहेर जातो. आणि जमलं तर आजचं घे. आजचं जास्त चांगलं होतं."

तिनं एकदाच वर पाहिलं आणि गेली. पुढं कळलं, प्रश्न आला होता, तिनं लिहिलं होतं. पहिल्या वर्गात पास झाली. त्या निकालावर माझं नाव कुठं नाही, पण त्यात माझा हात आहे, आणि तो काठी न धरलेला हात असला तरी मला त्याचा अभिमान आहे.

उन्हाळ्यात कायम जागेची मुलाखत झाली. तिघं बसले होते. नाव विचारलं, गाव विचारलं. तिसऱ्यानं विचारलं, "बाकी काय करता?" इंग्रजीतला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. निवड दुसऱ्याची झाली. त्याला मी ओळखत नाही, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि कायम माणूस आल्यावर तासिकेला तास उरले नाहीत, त्यामुळे माझी ऑर्डर निघाली नाही. सगळं नियमात. ऑफिसच्या क्लार्कनं मला सांगताना 'सर' दोनदा म्हटलं.

आता मी शहरातच एका खासगी क्लासात बारावीला इंग्रजी शिकवतो. पोट भरतं. तो घटक तिथं नाही.

गावी अंगणात बसून आबांना मी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. म्हटलं, "आबा, ते भाषण होतं. बोलायची कला असते ती. मीच शिकवायचो पोरांना."

आबांनी चंची उघडून पान लावलं. मग म्हणाले, "मानूस येकट्यात खोटं बोलतंय. येवड्या मानसांत कोन खोटं बोलंल?"

"बोलतात आबा."

"तुज्या शिक्षनात बोलत आसतील. माजा हात धरून बोलला त्यो." आणि जरा थांबून, मला समजावल्यासारखं, "काय तरी आडचन आली आसंल सायबाला. बोलावत्याल बग. शब्द दिलाय त्यानं."

यापुढं मी युक्तिवाद केला नाही. लोगॉस, पॅथॉस, ईथॉस. तर्क, भावना आणि बोलणाऱ्याचं वजन. फळ्यावर मी नेहमी या तिघांचा तक्ता काढायचो. त्या अंगणात तर्क माझ्याकडं होता. बाकीचं दोन्ही एसी केबिनमध्ये बसलेल्या माणसाकडं होतं, आणि माझ्याच बापाच्या मनात होतं.

चादर आबांनी वापरली नाही. ट्रंकेत ठेवली आहे. पाहुणे आले की काढतात. परवा आईच्या माहेरची माणसं आली होती. चहा झाला, आबांनी चादर मांडीवर उलगडली आणि भाषण सांगायला लागले. अक्षर न अक्षर पाठ आहे. शाळेत कधी न गेलेल्या माणसाला एवढं सगळं पाठ आहे, प्रश्नांसकट, चढउतारासकट. "या बापानं काय खाल्लं? काय नेसलं? इचारलं कदी कुनी?" आवाज खाली आणतात. "आमी इचारलं." मग उजवा हात स्वतःच वर धरतात.

"ह्यो मुलगा आमचा हाय. तुमच्या समोर, ह्या सगळ्यांच्या समोर सांगतो, ह्यो आमचाच ऱ्हानार."

आणि तिथं थांबतात.

पाहुणे कपबशीकडं बघत असतात. त्यांना ठाऊक नसतं आता काय करायचं. मला ठाऊक असतं. मी दारापाशी बसलेला असतो, आणि आबा हात वर धरून माझ्याकडं बघत थांबलेले असतात.